अंटार्क्टिकाला छोट्या जहाजाने जायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळी तयारी

अंटार्क्टिकाला जाऊन आल्यापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन येतात. पहिला प्रश्न खर्चाचा असतो, दुसरा थंडीचा. जहाजावर माणसं किती असतात, हे सहसा कुणीच विचारत नाही. माझ्या मते सगळं गणित तिथूनच सुरू होतं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

आधी जहाज, मग बाकी सगळं

अंटार्क्टिकात पर्यटकांना किनाऱ्यावर उतरवण्याचे नियम ठरलेले आहेत. १९५९ च्या अंटार्क्टिक करारातले देश आणि १९९१ साली सुरू झालेली ‘आयाटो’ ही सहल कंपन्यांची संघटना, दोघांचेही नियम सारखेच. एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० पर्यटक जमिनीवर. दर २० जणांमागे निदान एक गाइड. आणि ५०० हून जास्त प्रवासी असतील तर त्या जहाजाने कुणालाही उतरवायचंच नाही, लांबूनच बर्फ दाखवून परत फिरायचं.

आता हिशेब करा. जहाजावर शंभरच्या आत प्रवासी असतील तर सगळे एकदम उतरतात आणि दोन-अडीच तास किनाऱ्यावर राहतात. १९० असतील तर दोन पाळ्या होतात. एक गट किनाऱ्यावर असतो तेव्हा दुसरा रबरी होडीतून हिमनगांमध्ये फिरत असतो, मग अदलाबदल. हेही उत्तमच, कारण होडीतली ती फेरी स्वतःच बघण्यासारखी असते. पण साडेचारशे असतील तर पाच पाळ्या, आणि तुमच्या वाट्याला पाऊण-एक तास. त्यातही हवा बिघडली तर शेवटच्या पाळीचं उतरणं राहूनच जातं.

म्हणून ब्रोशर हातात आलं की बाल्कनीचे फोटो बाजूला ठेवा आणि प्रवासी संख्या शोधा. आलिशान छोट्या जहाजांवर साधारण १०० ते २०० प्रवासी असतात. खोलीला मोठी काच, सौना, हवं तेव्हा गरम जेवण, दिमतीला माणूस हे सगळं मिळतं आणि थंडीत गारठून परत आल्यावर त्याचं सुखही फार वाटतं. तरी एवढ्या लांब जाऊन खरी चैन कशाची असेल तर ती पेंग्विनांच्या वस्तीसमोर घड्याळ न बघता उभं राहण्याची.

दुसरी गोष्ट, जहाजाची बर्फात चालण्याची क्षमता. २३ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्सप्लोरर’ हे छोटं प्रवासी जहाज अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फावर आपटून बुडालं. जहाजावरचे सगळे, म्हणजे १५४ जण, जीवरक्षक होड्यांमध्ये काही तास काढून सुखरूप वाचले. पुढे १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठी ‘पोलर कोड’ ही सुरक्षेची नियमावली लागू झाली. आजच्या नव्या जहाजांना ‘पोलर क्लास’चा दर्जा असतो, बहुतेकांना ६ क्रमांकाचा, आणि इथे आकडा लहान तितकं जहाज दणकट. एजंटला हे विचाराच. त्याला उत्तर येत नसेल तर दुसरा एजंट शोधा. नाक उलटं, आत वळल्यासारखं असलेली काही नवी जहाजं दिसतील. ‘एक्स-बो’ नावाची ती नॉर्वेजियन रचना लाटेवर आदळण्याऐवजी लाट कापत जाते, आणि दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिकाच्या मधल्या खवळत्या समुद्रात, म्हणजे ड्रेक पॅसेजमध्ये, तो फरक पोटाला कळतो.

कुठला महिना

हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, म्हणजे तिथला उन्हाळा. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा असतो, पेंग्विन घरटी मांडत असतात, एकमेकांचे खडे चोरत असतात. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत पिल्लं बाहेर पडतात, रात्र जवळपास नसतेच. भाडंही तेव्हाच सगळ्यात जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर, पण वस्त्यांमधला बर्फ वितळून चिखल झालेला असतो आणि वासाची तयारी ठेवावी लागते. पहिल्यांदा जाताय आणि पिल्लं बघायची आहेत, तर जानेवारी. बर्फाचं रूप बघायचं असेल तर नोव्हेंबरचा शेवट.

दिवसांचा आणि पैशांचा हिशेब

सर्वसाधारण सहल दहा-अकरा दिवसांची असते. जहाज अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआया बंदरातून सुटतं. तिथून अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत ड्रेक पॅसेज ओलांडायला जायचे दोन दिवस, यायचे दोन. म्हणजे प्रत्यक्ष अंटार्क्टिकात पाच-सहा दिवस. मुंबईहून जाणं-येणं आणि मधले राखीव दिवस धरले तर घरातून निघाल्यापासून सतरा-अठरा दिवस मोजा.

समुद्राची फारच धास्ती असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने दोनेक तासांत अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाज पकडता येतं. पण त्या धावपट्टीवर ढग उतरले की विमान निघतच नाही आणि ठरलेले दिवस कापले जातात. गुडघे, पाठ ठीक असेल तर मी समुद्रमार्गच सुचवेन. दोन दिवस पाण्यावर काढल्यावर पहिला हिमनग दिसतो, तेव्हा आपण किती लांब आलोय ते अंगात उतरतं.

आलिशान छोट्या जहाजाचं माणशी भाडं हजारो डॉलरमध्ये असतं आणि केबिनच्या मजल्यानुसार दुप्पटही होतं. भाडं कळल्यावर लगेच थांबू नका. विमानाची तिकिटं, उशुआयातला मुक्काम, विमा, कर्मचाऱ्यांची टिप, कयाकिंगसारख्या गोष्टींचे वेगळे पैसे, हे सगळं लेखी मागवा. भारतातून परदेशी सहलीचे पैसे भरताना टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत राहतो, म्हणून भरण्याआधी सीएला विचारा. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. बुकिंग बारा-पंधरा महिने आधी केलं तर जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्याची केबिन मिळते. वरच्या मजल्यावरचा महागडा सूट दिसायला देखणा, पण जहाज डोलतं तेव्हा सगळ्यात जास्त तोच डोलतो.

व्हिसा आणि पिवळं कार्ड

अंटार्क्टिकाला कुणाचाच व्हिसा लागत नाही. तिथे जाण्याचा परवाना सहल कंपनी काढते. आपल्याला लागतो तो अर्जेंटिनाचा व्हिसा. त्यांचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा पासपोर्टवर असेल तर काम बरंच सोपं होतं. सहल चिलीत संपणार असेल किंवा वाटेत फॉकलंड बेटं असतील तर त्यांच्या व्हिशाचं वेगळं बघावं लागतं. कंपनीकडून हे ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या ‘काही लागत नाही’वर विसंबू नका.

आता जी गोष्ट बरेच जण विसरतात ती. अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे देश आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या यादीत आहेत. तिकडून भारतात परतणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेऊ शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं आणि मग आयुष्यभर चालतं. वय साठच्या पुढे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण या लशीचा त्रास ज्येष्ठांना जास्त होण्याची शक्यता असते. केंद्रांवर गर्दी असते, लस संपलेलीही असते. दोन महिने आधीच उरकून टाका.

शरीराची तयारी

फार तंदुरुस्ती लागत नाही. आमच्याबरोबर ७८ वर्षांच्या एक काकू होत्या आणि त्या दर वेळी उतरल्या. पण हलत्या होडीतून गुडघाभर पाण्यात पाय टाकणं, ओल्या गोट्यांवरून चालणं, बर्फातून थोडं चढणं हे जमायला हवं. दोन महिने आधीपासून रोज जिने चढा, एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा सराव करा. टेकडीवर जाण्याची सवय असेल तर प्रश्नच नाही.

जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण मोठं हॉस्पिटल दोन दिवसांच्या समुद्रापलीकडे. म्हणून निघण्याआधी दातांची तपासणी करून घ्या. रक्तदाब-मधुमेहाची औषधं दुप्पट घ्या आणि केबिन बॅगेत ठेवा. विम्यात आणीबाणीच्या वेळी बाहेर काढण्याचा खर्च असलाच पाहिजे, आणि ‘अंटार्क्टिका’ हा शब्द पॉलिसीत छापलेला आहे ना ते बघा. बऱ्याच नेहमीच्या प्रवास विम्यांमध्ये तो नसतो.

काय न्यायचं

थंडीचा बाऊ करू नका. उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपासच असतं. मनाली-काश्मीरच्या हिवाळ्याइतकंच समजा. झोंबतो तो वारा. बहुतेक कंपन्या जाडजूड पार्का जाकीट देतात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही वापरायला देतात. आपण न्यायचं ते आतलं: दोन जोड चांगले थर्मल, एक फ्लीस, लोकरीचे मोजे, आणि पाणी आत न घेणारी पॅन्ट. ही पॅन्ट सगळ्यात महत्त्वाची. होडीत लाट अंगावर आली आणि खाली जीन्स असली तर पुढचे दोन तास कुडकुडण्यात जातात. हातमोज्यांचे दोन थर घ्या, आत पातळ, बाहेर जाड, म्हणजे फोटो काढताना बोटं उघडी पडत नाहीत. गॉगल, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, कॅमेऱ्यासाठी ड्राय बॅग. संध्याकाळच्या जेवणाला साधे नीटनेटके कपडे पुरतात. पैठणी नेऊ नका.

आणि एक काम घरीच करा. आपल्यातले बरेच जण सह्याद्रीतली सॅक, ट्रेकिंगची पॅन्ट तशीच उचलून नेतात. पावसाळ्यानंतरच्या ट्रेकमधली कुसळं त्या सॅकच्या शिवणीत, मोज्यांत, वेल्क्रोमध्ये रुतलेली असतात. अंटार्क्टिकात परकं बी जाऊ द्यायचं नाही हा कडक नियम आहे. आणि त्याला कारणही आहे. ‘पोआ ॲनुआ’ नावाचं साधं कुरणातलं गवत माणसांबरोबर किंग जॉर्ज बेटावर पोचलं आणि तिथे रुजलंही. ते काढून टाकायला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं झटताहेत. किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावर प्रत्येकाच्या बाहेरच्या कपड्यांची तपासणी होते. माझ्या सॅकच्या वेल्क्रोतून तिथल्या मुलीने चिमट्याने सहा कुसळं काढली, एकेक करून, आणि पांढऱ्या कागदावर मांडली. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरची कुसळं होती ती. मला फार अपराधी वाटलं. तुम्ही सगळं घरीच धुऊन, ब्रश मारून, खिसे उलटे करून न्या.

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर निदान दोन महिने आधी कळवा. जहाजाची भाजी-फळं निघतानाच भरली जातात, मधे बाजार नाही. चांगल्या जहाजांवर आचारी मनापासून करून घालतात. लोणचं-चटणीचं छोटं पाकीट जवळ असेल तर अर्जेंटिनात उतरताना कस्टम्सच्या अर्जात खाद्यपदार्थ लिहा, लपवू नका.

उशुआयापर्यंत

ब्वेनोस आयरेसमध्ये दोन विमानतळ आहेत. परदेशातून आलेली बहुतेक विमानं एसेसाला उतरतात, तर उशुआयाची बरीचशी विमानं शहरातल्या आएरोपार्केहून सुटतात. मधे टॅक्सीचा तासाभराचा किंवा जास्तीचा प्रवास. तीन तासांचं अंतर ठेवून जोडविमान काढलेले लोक घामाघूम होऊन पळताना मी बघितलेत. तिथे एक रात्र काढा. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी असते.

उशुआयाला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही. हरवलेली बॅग मागून येऊ शकत नाही.

ड्रेक पॅसेज

संध्याकाळी जहाज बीगल खाडीतून निघतं. पाणी शांत असतं, जेवण छान होतं आणि माणूस गाफील राहतो. मध्यरात्रीनंतर उघडा समुद्र लागतो. उलटीची गोळी खाडीतच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. कुठली गोळी, किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गुंगी येणारी असेल तर घरी एकदा घेऊन बघा. मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. त्यांनी जिभेला तरी बरं वाटलं. पोट रिकामं ठेवू नका, कोरडा टोस्ट, सफरचंद खा, क्षितिजाकडे बघा, आणि फारच झालं तर सरळ आडवं व्हा.

झोपण्याआधी केबिनमधली सुटी वस्तू जमिनीवर किंवा कपाटात ठेवा. रात्री माझी पाण्याची बाटली टेबलावरून सुटून भिंतीवर आपटली आणि मी दचकून उठले. जहाजात चालताना एक हात कायम कठड्यावर हवा. दाराच्या चौकटीत बोटं घालून आधार घेऊ नका. जहाज कललं की तेच जड दार बोटांवर बंद होतं. जहाजांवरची ही नेहमीची दुखापत आहे.

उतरण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी मोहिमेचा प्रमुख उद्याचा बेत सांगतो. तो बेत सकाळी बदलू शकतो आणि बदलतोच. बर्फाने लमेअर खाडी बंद, वाऱ्यामुळे नेको हार्बर रद्द. ठरलेल्या जागांची यादी मनात धरून बसू नका. आमचं पीटरमन बेट हुकलं, त्याऐवजी कव्हरव्हिल बेटावर गेलो आणि तिथे जेंटू पेंग्विनांची अख्खी टेकडी भरलेली होती.

क्रम असा असतो. तुमच्या गटाचं नाव पुकारलं की थर चढवायचे, लाइफ जॅकेट घालायचं, बूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचे आणि जहाजाचं ओळखीचं कार्ड दाखवून बाहेर पडायचं. त्या कार्डावरूनच जहाजाला कळतं की तुम्ही परत आलात की नाही. खाली झोडियाक नावाची काळी रबरी होडी हलत असते. खलाशी हात पुढे करतो. त्याचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं आणि त्याने आपलं. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा सॅकमध्ये. आधी होडीच्या कडेवर पाय, मग आतल्या पायरीवर, मग बसून सरकायचं. उडी अजिबात नाही.

किनाऱ्यावर पेंग्विनांपासून पाच मीटर लांब राहायचं. तो स्वतः जवळ आला तर आपण हलायचं नाही. बर्फात त्यांच्या ये-जा करण्याच्या खोलगट वाटा असतात. त्या ओलांडताना थांबून आधी त्यांना जाऊ द्यायचं. खाणं न्यायचं नाही, खडा उचलायचा नाही, शौचासाठी जहाजावर परतायचं. बर्ड फ्लू आल्यापासून जमिनीवर बसायला, गुडघे टेकायला किंवा सॅक खाली ठेवायलाही मनाई आहे. नियम थोडा जाचक वाटेल, पण तो मनापासून पाळा. एका बुटाच्या तळव्यावरून रोग एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाऊ शकतो.

पहिली दहा मिनिटं वासाने डोकं भणभणतं, मग नाक सरावतं. मी एका जेंटूला बघत उभी होते. तो समोरच्या घरट्यातून एक राखाडी खडा चोचीत उचलायचा, डुलत डुलत आपल्या मादीपुढे आणून ठेवायचा, मान झुकवायचा. तो पाठमोरा झाला की शेजारी तोच खडा पळवायचा. अर्ध्या तासात हे चार वेळा झालं. वीस मिनिटांत परत बोलावलं असतं तर मला फक्त पेंग्विन दिसला असता, हा खेळ दिसला नसता.

डिसेप्शन बेटावर गेलात तर जहाज ज्वालामुखीच्या मुखातच शिरतं, एका अरुंद फटीतून. आत १९१२ ते १९३१ पर्यंत चाललेल्या नॉर्वेजियन तेल कारखान्याच्या गंजलेल्या टाक्या उभ्या आहेत. देवमाशांच्या चरबीचं तेल काढायचे तिथे. पोर्ट लॉकरॉयला १९४४ साली उभारलेला ब्रिटिश तळ आहे, आता तिथे संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस चालतं. घरच्या पत्त्यावर कार्ड नक्की टाका. आमचं तीन महिन्यांनी पोचलं.

‘आपली मैत्री दिसेल का हो?’ असंही विचारतात. नाही. भारताचे मैत्री आणि भारती हे तळ खंडाच्या दुसऱ्या बाजूला आहेत, पर्यटक जातात त्या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटरवर. त्यांचं काम बघणारी संस्था मात्र आपल्याजवळच, गोव्यात वास्कोला आहे. आपली पहिली मोहीमही १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती.

परतताना

परतीच्या ड्रेकमध्येही गोळी घ्यायची, समुद्र शांत दिसला तरी. फोटो जहाजावरच दोन ठिकाणी साठवा. टिपेची रक्कम बहुतेक वेळा शेवटच्या बिलात जोडता येते. ती हात आखडून देऊ नका. रोज पहाटे चारला उठून होड्या पाण्यात सोडणारी हीच मुलं असतात.

मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचं टेबल असतं. आमच्या पुढच्या जोडप्याचं पिवळं कार्ड चेक-इन केलेल्या बॅगेत होतं आणि बॅग पट्ट्यावर, पलीकडे. ते दोघं बाजूच्या खुर्च्यांवर बसून होते, आम्ही कार्ड दाखवून पुढे गेलो. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.